ड्रुपलला सोलर जोडताना : मराठी साइटवर नीट चालणारा शोध

मराठी साइटवरच्या शोधचौकटीत 'पाणी' टाइप करून पाहा. 'दुष्काळी गावातल्या पाण्याचा हिशेब' असं शीर्षक असलेला लेख साइटवर असूनही निकालात येत नाही, असं फार ठिकाणी घडतं. साधा शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवतो आणि 'पाण्याचा' या शब्दात 'पाणी' ही अक्षरं सलग कुठेच नाहीत. वाचकाला वाटतं, इथे पाण्यावर काही लिहिलेलंच नाही, आणि तो निघून जातो. वर्षानुवर्षं जमवलेला मजकूर असा डोळ्यांआड राहणं मला मनापासून खटकतं. म्हणून हा लेख अगदी पहिल्यांदा शोध बसवणाऱ्यासाठी लिहितो आहे. उदाहरणाला ड्रुपल ही सामग्री-व्यवस्थापन प्रणाली आणि अपाची सोलर हे शोधाचं इंजिन घेतलं आहे. समोर एका मराठी मासिकाच्या जुन्या अंकांची साइट आहे असं धरू : काही हजार लेख, शेती आणि पाणी हे मुख्य विषय.

दोन्ही मोफत आणि मुक्त स्रोत आहेत. सोलरच्या पोटात ल्युसीन नावाची लायब्ररी आहे, जी डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिली. सोलर २००४ मध्ये सीनेट कंपनीत योनिक सीली यांनी लिहायला घेतलं आणि २००६ मध्ये ते अपाची या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडे आलं. इतकी वर्षं वापरात असल्यामुळे अडलात तर उत्तर मिळतं. नवख्यासाठी ही मोठी सोय आहे.

इंडेक्स करतो काय

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तसाच हा इंडेक्स. कोणता शब्द कोणत्या लेखात, कितव्या जागी आला याची सोलर आधीच नोंद करून ठेवतं. वाचकानं शब्द टाकला की सगळे लेख पुन्हा वाचायची गरज उरत नाही, फक्त सूची पाहायची. यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सूचीत शब्द ज्या रूपात गेला, त्याच रूपात वाचकाचा शब्द तिथे पोचला तरच भेट होते. पुढची जवळपास सगळी मेहनत या भेटीसाठी आहे.

दुसरी गोष्ट : इंडेक्स ही मूळ मजकुराची नक्कल आहे. मूळ मजकूर ड्रुपलच्या डेटाबेसमध्येच राहतो. इंडेक्स पुसला गेला तर पुन्हा बांधता येतो, त्यामुळे प्रयोग करताना घाबरू नका.

सोलर खरंच हवं का?

लेख दोनचारशे असतील आणि साइट साध्या शेअर्ड होस्टिंगवर असेल, तर आत्ता सोलरच्या मागे लागू नका. सोलरला जावा लागतं, सतत चालू राहणारी प्रक्रिया लागते, आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर ते सहसा चालवू देत नाहीत. त्या परिस्थितीत ड्रुपलच्या सर्च एपीआय या मॉड्यूलसोबतच (मॉड्यूल म्हणजे ड्रुपलला जोडायचा भाग) येणारा डेटाबेस सर्च वापरा. पुढे साइट वाढली की सर्व्हर तेवढा बदलायचा. इंडेक्सची फील्ड (शीर्षक, मजकूर असे लेखाचे रकाने) आणि निकालाचं पान बहुतांशी तसंच राहतं. सर्च एपीआयची रचना मुळातच अशी आहे आणि मला ती फार शहाणपणाची वाटते.

मात्र मराठीचे प्रत्यय, जोडाक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ यांचं नीट काही करायचं असेल, तर ते डेटाबेस सर्चमध्ये जमत नाही. त्याला सोलरच लागतं, आणि त्यासाठी स्वतःचा छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्यानं घेतलेला आभासी सर्व्हर, असला की पुरे. सोलर सुरुवातीला स्वतःसाठी ५१२ एमबी मेमरी घेतं. काही हजार लेखांना ती सहज पुरते.

सोलर बसवणं

सर्व्हरवर जावा आहे का पाहा. सोलर ९ ला किमान जावा ११ लागतं. सोलरच्या पॅकेजमध्ये सेवा म्हणून बसवणारी स्क्रिप्ट असते, तीच चालवा. ती सोलरसाठी वेगळा वापरकर्ता तयार करते आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की सोलर आपोआप उठतं. रूट वापरकर्ता म्हणून सोलर चालवू नका. ते स्वतःच तसं चालायला नकार देतं, आणि तो नकार जबरदस्तीनं मोडायचा पर्याय दिसला तरी मोडू नका.

सोलर ८९८३ या पोर्टवर ऐकतं. हे पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडं ठेवू नका. सोलरला सुरुवातीला पासवर्ड नसतो, म्हणजे पोर्ट गाठता आलेला कोणीही तुमचा इंडेक्स वाचू शकतो आणि पुसूही शकतो. सोलर ९ पासून ते मुळातच फक्त त्याच यंत्रावरून येणाऱ्या विनंत्या घेतं. जुन्या आवृत्त्यांत ही काळजी फायरवॉलमध्ये आपण घ्यायची. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतली मोठी त्रुटी उघड झाली, तेव्हा सोलरच्या कितीतरी आवृत्त्या तिच्या कचाट्यात होत्या. उघड्या पोर्टवर चालणाऱ्यांची धावपळ त्या वेळी सगळ्यात जास्त झाली. ड्रुपल आणि सोलर एकाच यंत्रावर असतील, तर पोर्ट उघडायचं कारणच उरत नाही.

आता ब्राउझरमध्ये सोलरचं प्रशासन पान उघडतं का पाहा. सर्व्हर दूर असेल तर एसएसएच टनेलमधून, म्हणजे सर्व्हरपर्यंतच्या सुरक्षित जोडणीतून पाहा. पान दिसलं की इथेच थांबा, कोअर अजून तयार करू नका.

ड्रुपलची बाजू

पहिल्यांदा करणारे बरेच जण इथे क्रम चुकवतात. कोअर म्हणजे सोलरमधला एक स्वतंत्र इंडेक्स. तो कसा वागावा हे सांगणाऱ्या फाइली ड्रुपल स्वतः तयार करून देतं. म्हणून आधी ड्रुपलमध्ये सर्व्हरची नोंद, मग त्या फाइली, मग कोअर, असा क्रम ठेवा.

कम्पोझर या मॉड्यूल उतरवणाऱ्या साधनानं सर्च एपीआय सोलर हे मॉड्यूल आणा. सर्च एपीआय सोबत येतं. दोन्ही चालू करा आणि ड्रुपलचं मूळचं सर्च मॉड्यूल अनइन्स्टॉल करा, नाहीतर दोन वेगवेगळे शोध समांतर चालत राहतात आणि क्रॉनवर (ठरावीक वेळानं आपोआप चालणाऱ्या कामांवर) विनाकारण भार येतो. मग कॉन्फिगरेशनमधल्या सर्च एपीआयच्या पानावर 'अ‍ॅड सर्व्हर' घ्या. बॅकएंड सोलर, कनेक्टर स्टँडर्ड, होस्ट लोकलहोस्ट, पोर्ट ८९८३, आणि कोअरला द्यायचं नाव. पाथच्या रकान्यात नुसती तिरकी रेघ असू द्या. जुन्या लेखांमध्ये तिथे सोलरचं नाव जोडायला सांगितलेलं असतं. आताच्या आवृत्तीत तसं केलं तर जोडणी होत नाही.

नोंद जतन केली की सर्व्हर सापडत नाही अशी लाल सूचना येईल. ती येणारच, कारण कोअर अजून नाही. त्याच पानावर कॉन्फिग फाइलींची झिप उतरवायचं बटण आहे. ती झिप सोलरच्या यंत्रावर उलगडा आणि कोअर तयार करायच्या आज्ञेला तोच फोल्डर दाखवा. परत ड्रुपलमध्ये येऊन पान ताजं करा. लाल सूचना गेली की दोघांची ओळख झाली. पुढे मॉड्यूलची आवृत्ती बदलली किंवा फील्ड प्रकारात काही बदल केला, की ही झिप पुन्हा उतरवून कोअरमधल्या फाइली बदलायच्या आणि कोअर रीलोड करायचा.

इंडेक्समध्ये काय घालायचं

'अ‍ॅड इंडेक्स' मध्ये डेटा सोर्स म्हणून कंटेंट निवडा. लेख, पुस्तक परिचय, मुलाखत असे शोधायला हवे तेवढेच प्रकार घ्या. 'संपर्क' किंवा 'आमच्याविषयी' यांसारखी पानं शोधात घेऊन उपयोग नसतो.

फील्डच्या टॅबवर शीर्षक, सारांश, मूळ मजकूर, लेखकाचं नाव, विषय, अंकाची तारीख ही फील्ड घ्या. शीर्षक, सारांश आणि मजकूर यांचा प्रकार फुलटेक्स्ट, म्हणजे शब्द सुटे करून शोधायचा. विषय आणि लेखक ज्या फील्डवर गाळणी लावायची ती स्ट्रिंग, कारण 'जलसंधारण' हा विषय अख्खा एक म्हणून हवा, त्याचे तुकडे नकोत. लेखकाच्या नावाचा शोधही घ्यायचा असेल तर तेच फील्ड दोनदा घ्या, एकदा स्ट्रिंग आणि एकदा फुलटेक्स्ट. सर्च एपीआय तशी मुभा देतं आणि पुढे मराठीसाठी हीच मुभा आपल्याला तारणार आहे. शीर्षकाला बूस्ट, म्हणजे निकालाचा क्रम लावताना मिळणारं वजन, ५ किंवा ८ द्या, मजकुराला १ पुरे.

लेख पॅराग्राफ मॉड्यूलनं तुकड्यातुकड्यात रचलेले असतील तर एकेक फील्ड वेचत बसू नका. 'रेंडर्ड एचटीएमएल आउटपुट' घ्या आणि त्यासाठी 'सर्च इंडेक्स' हा दृश्यप्रकार नीट मांडा. त्यात 'हेही वाचा' सारखे ठोकळे ठेवू नका. त्यांतली शीर्षकं प्रत्येक लेखाच्या इंडेक्समध्ये शिरतात आणि 'ऊस' शोधणाऱ्याला सोयाबीनचे लेख दिसायला लागतात.

प्रोसेसरच्या टॅबवर मोह आवरा. एचटीएमएल फिल्टर, एंटिटी स्टेटस आणि कंटेंट अ‍ॅक्सेस चालू करा. टोकनायझर, स्टेमर (शब्दांचे शेवट कापणारा), स्टॉपवर्ड्स, इग्नोर केस, ट्रान्सलिटरेशन यांना हात लावू नका. ही कामं सोलर करणार आहे. दोघांनी एकाच शब्दावर संस्कार केले की काय कुठे बिघडलं ते शोधताना दिवस जातो.

आणखी एक तपासणी आत्ताच करा. साइट इंग्रजीत बसवली आणि मग मराठी मजकूर भरला असेल, तर ड्रुपलच्या दृष्टीनं तुमचे सगळे लेख इंग्रजी आहेत. सोलर मॉड्यूल लेखाची भाषा पाहूनच त्याला कोणते नियम लावायचे ते ठरवतं. म्हणून भाषांमध्ये मराठी जोडा आणि जुन्या लेखांची भाषा बदलून घ्या. हे न करता पुढचे मराठी नियम कितीही सुंदर लिहिलेत, तरी ते कोणत्याही लेखाला लागणार नाहीत.

मराठी शब्दांवरचे संस्कार

आता मुख्य काम. सोलरमध्ये मजकूर तीन टप्प्यांतून जातो. कॅरेक्टर फिल्टर अक्षरं बदलतो, टोकनायझर मजकुराचे शब्द पाडतो, आणि टोकन फिल्टर त्या शब्दांवर एकामागून एक काम करतात. टोकनायझर स्टँडर्डच ठेवा. तो युनिकोडचे शब्दनियम पाळतो, काना-मात्रा तोडत नाही.

पहिली अडचण लिहिण्यातली. डोळ्यांना एक दिसणारा शब्द संगणकात दोन-तीन तऱ्हांनी साठवलेला असतो. 'दुसऱ्या' मधला ऱ्या पाहा. कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे युनिकोड ०९३१, वापरून लिहितो. कोणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून लिहितो. पडद्यावर फरक शून्य, इंडेक्समध्ये दोन वेगळे शब्द. तीच गत 'ॲप' ची. २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये ॲ ला ०९७२ ही स्वतःची जागा मिळाली, पण त्याआधीचा आणि नंतरचाही पुष्कळ मजकूर अ वर चंद्र देऊन लिहिलेला आहे, काही ठिकाणी ऍ वापरलेला आहे. मॅपिंग कॅरेक्टर फिल्टरला एक छोटी फाइल द्या : जोडकानं लिहिलेला ऱ्या ०९३१ वाल्या रूपात, ॲ ची तिन्ही रूपं एकाच रूपात, उरलेले न दिसणारे जोडक काढून टाका. हे नियम बिनधोक आहेत, सगळ्या फील्डना लावा. सोबत डेसिमल डिजिट फिल्टर लावा, म्हणजे मराठी अंकांत लिहिलेलं १९७२ आणि इंग्रजी अंकांत लिहिलेलं तेच साल एक होतं. १९७२ च्या दुष्काळावर शोधणारे दोन्ही तऱ्हांनी टाइप करतात.

दुसरी अडचण प्रत्ययांची. इथे सोलरसोबत येणारे हिंदीचे फिल्टर हाताशी दिसतात आणि बरेच जण तेच मराठीला लावून मोकळे होतात. माझा सल्ला आहे, लावू नका. हिंदीचा स्टेमर हिंदीचे शेवट ओळखतो. 'पाण्याच्या', 'शेतकऱ्यांना' ही रूपं त्याच्या ओळखीची नाहीत. हिंदी नॉर्मलायझेशन फिल्टर तर जास्त घातक. तो ऐ चा ए करतो, औ चा ओ करतो, चंद्र काढून मात्रा देतो. म्हणजे 'बैल' आणि 'बेल' एक, 'दौरा' आणि 'दोरा' एक, 'बॅट' आणि 'बेट' एक. बैलपोळ्याचे लेख शोधणाऱ्याला बेलाच्या पानाचं माहात्म्य वाचायला मिळेल.

त्याऐवजी दोन फील्ड ठेवा. एक काटेकोर, ज्यात वरचे बिनधोक नियम सोडून काही नाही. दुसरं सैल, ज्यात प्रत्यय काढलेले. काटेकोर फील्डला बूस्ट जास्त, सैलला कमी. वाचकाचा शब्द अगदी तसाच सापडला तर तो लेख वर येतो, आणि फक्त मूळ शब्द जुळला तर तो लेखही यादीत असतो, थोडा खाली.

सैल फील्डची साखळी अशी लावा. आधी मॅपिंगमध्येच ऱ चा र, ी चा ि, ू चा ु, ई चा इ आणि ऊ चा उ करून टाका. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यानं झाकल्या जातातच, शिवाय मराठीत सामान्यरूप होताना दीर्घाचा ऱ्हस्व होतो ('विहीर', पण 'विहिरीत'), तेही सांधलं जातं. त्यानंतर पॅटर्न रिप्लेस फिल्टरनं प्रत्यय कापा : च्या, चा, चि, चे, ला, ना, ने, नि, तुन, हुन, वर, मध्ये, साठि, मुळे, कडे, पासुन, पर्यंत, त. लांब प्रत्यय आधी, आखूड नंतर. इथे 'ची' आणि 'साठी' ऱ्हस्वात का लिहिले ते ध्यानात आलं असेल : मॅपिंग आधीच होऊन गेलेलं असतं, दीर्घ लिहिलेला नियम कधीच लागणार नाही. मग तिसरा नियम : शब्दाच्या शेवटी अनुस्वार असेल तर तो काढा, आणि त्यानंतर शेवटी हलन्तासह 'या' किंवा एखादी स्वरमात्रा असेल तर तीही काढा.

हाताने एक शब्द चालवून पाहू. 'शेतकऱ्यांना' आत आला. ऱ चा र झाला. 'ना' गेला, 'यां' वरचा अनुस्वार गेला, मग हलन्तासह 'या' गेला. हाती उरलं 'शेतकर'. आता वाचकानं टाइप केलेला 'शेतकरी' : दीर्घाचा ऱ्हस्व, मग शेवटची मात्रा गेली, उरलं 'शेतकर'. भेट झाली. 'पाण्याचा' आणि 'पाणी' दोघेही 'पाण' वर येतात. 'रस्त्यावर' आणि 'रस्ते' हे 'रस्त' वर, 'शाळेत' आणि 'शाळा' हे 'शाळ' वर. 'पाण' हा काही मराठी शब्द नाही म्हणून बिचकू नका. हे रूप वाचकाला कुठेच दिसत नाही.

कात्री चालवताना एक अट घाला : प्रत्ययाआधी किमान तीन चिन्हं उरली पाहिजेत, नाहीतर 'हात' मधला त जाऊन 'हा' उरेल. सोलर आपल्यासारखी अक्षरं मोजत नाही, ह आणि काना ही त्याच्या हिशेबी दोन चिन्हं. तीनची अट 'हात' ला वाचवते, पण 'भारत' चा 'भार' होतोच, आणि 'महिला' व 'महिना' दोघांचं 'महि' होतं. अट चारवर नेली तर 'घराला' मधला 'ला' निघत नाही. म्हणून तीनच ठेवा आणि प्रोटेक्टेड टर्म फिल्टरमध्ये अशा शब्दांची यादी द्या, ज्यांना प्रत्ययाची कात्री लावायची नाही. संरक्षण फक्त प्रत्यय कापणाऱ्या फिल्टरला गुंडाळा. शेवटची मात्रा काढणारा फिल्टर सगळ्यांना लागू द्या, नाहीतर 'महिला' तशीच राहील, 'महिलांना' मात्र 'महिल' होईल, आणि पुन्हा चुकामूक.

काही शब्द कोणत्याच नियमात बसत नाहीत. 'पाऊस' आणि 'पावसात', 'देऊळ' आणि 'देवळात', 'भाऊ' आणि 'भावाला'. त्यांची समानार्थी शब्दांच्या फाइलीत जोडी लावा. ही पायरी साखळीच्या शेवटी ठेवली असेल तर फाइलीत कापलेली रूपंच लिहायची : 'पावस' ला 'पाउस' समजा. आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या पावस गावाचं काय, असं कोणी कोकणातला वाचक लगेच विचारेल. त्याचं उत्तर काटेकोर फील्डमध्ये आहे. तिथे 'पावस' हे 'पावस' च आहे आणि त्याचा बूस्ट जास्त आहे, म्हणून गावाचे लेख वर येतात.

हे सगळं ड्रुपलमध्ये कुठे लिहायचं? सर्च एपीआय सोलर प्रत्येक भाषेसाठी 'सोलर फील्ड टाइप' नावाची कॉन्फिगरेशन नोंद ठेवतं. भाषा न ठरलेल्या मजकुराची सर्वसाधारण नोंद एक्सपोर्ट करा, तिची प्रत घ्या, यूयूआयडीची (नोंदीच्या स्वतंत्र ओळखक्रमांकाची) ओळ काढून टाका, ओळखनाव आणि भाषेचा संकेत बदला, आपले फिल्टर क्रमानं लिहा, आणि एकेरी इम्पोर्टच्या पानावरून आत घ्या. शब्दयाद्यांनाही त्याच नोंदीत जागा असते. सैल प्रकाराला वेगळा कस्टम कोड द्या, म्हणजे तो फील्डच्या टॅबवर स्वतंत्र प्रकार म्हणून दिसतो आणि शीर्षक, मजकूर दुसऱ्यांदा घेताना निवडता येतो. मग झिप, कोअरच्या फाइली, रीलोड.

इंडेक्स भरायच्या आधी सोलरच्या प्रशासन पानावर 'अ‍ॅनालिसिस' उघडा. डावीकडे 'शेतकऱ्यांना', उजवीकडे 'शेतकरी' टाका, फील्ड प्रकार निवडा. प्रत्येक फिल्टरनंतर शब्दाचं काय झालं ते पायरीपायरीनं दिसतं. सोलरमधला हा मला सगळ्यात आवडता पडदा आहे. शोध बिघडला की लोक लॉग वाचत बसतात. मराठीच्या बाबतीत दहातल्या नऊ तक्रारींचं कारण इथे मिनिटाभरात सापडतं.

निकालाचं पान

व्ह्यूज या ड्रुपलमधल्या याद्यांची पानं बनवणाऱ्या मॉड्यूलमध्ये नवं दृश्य घ्या, पण कंटेंटचं नव्हे, तुमच्या इंडेक्सचं. फिल्टरमध्ये 'फुलटेक्स्ट सर्च' घालून तो वाचकाला दिसेल असा ठेवा, सगळे शब्द असायला हवेत असं निवडा, आणि क्रम रेलेव्हन्सनुसार, म्हणजे लेख शोधाशी किती जुळतो त्यानुसार, उतरता. हा क्रम द्यायला विसरलात तर बूस्टचा सगळा हिशेब वाया. विषय, लेखक आणि वर्ष यांच्या गाळण्यांसाठी फॅसेट्स मॉड्यूल जोडा.

निकालात शब्द ठळक दाखवायचा तर ड्रुपलचा हायलाइट प्रोसेसर वाचकानं टाइप केलेला शब्दच शोधतो. 'पाणी' टाइप केलं आणि लेखात 'पाण्याचा' असेल तर काहीच ठळक होत नाही. त्यासाठी सर्व्हरच्या प्रगत पर्यायांत निकालाचा मजकूर सोलरकडूनच ठळक करून घ्यायची सोय आहे, ती वापरा.

काहीच सापडलं नाही तर कोरं पान दाखवू नका. विषयांची यादी द्या. आणि ज्या शोधांना शून्य निकाल आला ते शब्द साठवून ठेवा. महिन्यातून एकदा ही यादी वाचली की कोणते शब्द समानार्थींच्या फाइलीत घालायचे ते कळतं. त्यात रोमन लिपीत टाइप केलेले मराठी शब्द पुष्कळ निघतील. वारंवार येणाऱ्यांची जोडी लावा, बाकीचे सोडा.

इंडेक्स ताजा ठेवणं

लेख जतन झाला की लगेच इंडेक्स व्हावा असा पर्याय असतो. छोट्या साइटवर तो चालू ठेवा. एकदम शेकडो लेख आयात करताना बंद करा आणि क्रॉनला काम करू द्या. क्रॉन दर फेरीला ठरावीक लेख घेतो, सुरुवातीला ५०. काही हजार लेख पहिल्यांदा भरताना ड्रश या ड्रुपलच्या आज्ञा देऊन चालवायच्या साधनातून एकदम चालवणं बरं. बदल निकालात दिसायला काही सेकंद जातात, तेवढा धीर धरा.

'क्यू ऑल आयटम्स' म्हणजे जुना इंडेक्स जागेवर ठेवून सगळे लेख पुन्हा रांगेत. 'क्लिअर' म्हणजे आधी पुसा, मग भरा. चालू साइटवर पहिलाच वापरा. फिल्टर बदललात की पुन्हा इंडेक्स करणं अटळ आहे, कारण सूचीत जुनी रूपं बसलेली असतात. लेखकाचं नाव किंवा विषयाचं नाव बदललं की त्याच्याशी जोडलेले लेख आपोआप रांगेत यावेत, यासाठी इंडेक्सच्या पर्यायांत संदर्भित नोंदींवर लक्ष ठेवायची खूण आहे, ती करा.

चाचणीच्या साइटला कोअर वेगळा हवा. मूळ साइटची प्रत घेतली की तिच्यात सोलरचा पत्ताही तोच जातो, आणि चाचणीत केलेले बदल खऱ्या वाचकांच्या शोधात उतरतात. प्रत्येक यंत्राच्या सेटिंग्ज फाइलीत कोअरचं नाव वेगळं द्या.

जे दिसू नये ते

सोलरला ड्रुपलच्या परवानग्या ठाऊक नसतात. अप्रकाशित मसुदा किंवा फक्त वर्गणीदारांसाठीचा लेख इंडेक्समध्ये गेला, तर त्याचं शीर्षक आणि दोन ओळी कोणालाही दिसू शकतात. कंटेंट अ‍ॅक्सेस प्रोसेसर ते थांबवतो, पण खात्री स्वतः करा. लॉगआउट होऊन, खाजगी खिडकीत, एखाद्या मसुद्यातला अगदी वेगळा शब्द शोधा. निकाल शून्य आला पाहिजे. ही तपासणी साइट खुली करण्याआधी करायची आहे.

जुने अंक आणि पीडीएफ

मराठी संग्रहांची खरी संपत्ती बहुधा इथेच अडकलेली असते. सर्च एपीआय अ‍ॅटॅचमेंट्स मॉड्यूल अपाची टिका वापरून पीडीएफमधला मजकूर काढतं आणि इंडेक्समध्ये घालतं. पण युनिकोडपूर्वीच्या काळातले अंक श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये जुळवलेले असतात. पडद्यावर सुरेख मराठी दिसते, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला असतो. टिका तो काला इमानदारीनं इंडेक्समध्ये भरतं आणि शोधात काहीच सापडत नाही. ओळखायची खूण सोपी : पीडीएफमधला एक परिच्छेद निवडून साध्या टेक्स्ट फाइलीत चिकटवा. मराठी उमटली तर युनिकोड, नाहीतर आधी परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल.

स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूरच नसतो, नुसतं चित्र असतं. त्यासाठी टेसरॅक्ट हे ओसीआरचं, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं, मुक्त साधन मराठीची भाषाफाइल बसवून वापरता येतं. जुना पिवळा कागद, पसरलेली शाई, दोन स्तंभांची मांडणी असेल तर चुका भरपूर येतात. तरीही ओसीआरचा मजकूर वेगळ्या फील्डमध्ये, अगदी कमी बूस्ट देऊन ठेवा. मोडकातोडका का होईना, त्या अंकापर्यंत पोचायचा रस्ता खुला होतो. ज्या अंकांना वाचक जास्त येतात असं दिसेल, त्यांचा मजकूर मग माणसाकडून तपासून घ्या, सुरुवात अनुक्रमणिकेच्या पानापासून. लेखांची आणि लेखकांची नावं तिथे एकत्र मिळतात, आणि वाचक शोधतो ते बहुतेक वेळा तेच.